धागा: मारियो मिरांडा, मगावरचे आणि वहीतले

माटोळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या रविवारी आठवी-नववीची २२ मुलं घेऊन पर्वरीजवळ तोर्ड्याला गेले होते. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी तिथे 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय उभारलंय. रस्त्यांच्या बेचक्यात जहाज रुतून बसावं तशी ती इमारत दिसते. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची गॅलरीही तिथेच. आत पाऊल टाकताच एक मुलगा ओरडला, "बाई, हें आमच्या घरच्या मगाचेर आसा!" (चहाच्या मगावर.) एकीला बाबाचा टी-शर्ट आठवला, एकाला आत्येच्या फ्रिजवरचा मॅग्नेट. चित्र सगळ्यांच्या ओळखीचं होतं. पण ते काढणारा माणूस आपल्याच गोव्यातला, लोटलीचा, हे २२ जणांत एकालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नाही. २ मे २०२६ म्हणजे मारियोंची जन्मशताब्दी. त्या निमित्ताने तरी आपण, मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या गोंयकारांनी, त्यांच्याबद्दल मनापासून बोलावं म्हणून हा धागा.

थोडक्यात ओळख देते, बाकीचं तुम्ही भरा. जन्म २ मे १९२६ चा, दमणचा. घराणं लोटलीचं. लहानपणी घरच्या भिंती रंगवून ठेवायचे. आईने रागावून हात बांधले नाहीत, कोरी वही आणून दिली. त्या वहीला ते डायरी म्हणायचे. शाळेत पाद्रींची चित्रं काढली म्हणून ओरडाही खाल्ला. बंगळूरला सेंट जोसेफ्स, मग मुंबईला सेंट झेवियर्समधून इतिहासात बी.ए. मनात आयएएस होतं, वास्तुकलेचा अभ्यासही सुरू करून पाहिला, चारेक वर्षं जाहिरातीच्या स्टुडिओत काम केलं. वही मात्र कधीच सुटली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या आता पुस्तकरूपात आहेत. नोकरी नाही, नाव नाही अशा वयातला एक पोरगा रोज रात्री बसून दिवसभराचं चित्र काढतोय. लग्न, मयत, पत्त्यांचा डाव, चर्चबाहेरची गर्दी. माझ्या मते मारियोंचं सगळ्यात मोठं काम हेच. पुढचं सारं या वह्यांतून उगवलंय.

गॅलरीतली एक गोष्ट सांगते आणि थांबते. बाजाराच्या एका चित्रापुढे मुलांना बसवलं आणि माणसं मोजायला लावली. कोणाचाच आकडा जुळेना. कोणी टोपलीमागचं डोकं सोडलं होतं, कोणी खिडकीतली म्हातारी. भांडण लागलं. मग एकेक माणूस बोट ठेवून पुन्हा मोजताना मुलांनाच दिसायला लागलं की गर्दीत दोन माणसं सारखी नाहीत. एकाचा शर्ट चौकटींचा, पण चौकटी कापडाबरोबर वळत नाहीत, पाटावर मांडल्यासारख्या सपाट. शेजारणीच्या झग्यावर ठिपके, तेही तसेच सपाट. काळ्या-पांढऱ्या चित्रात इतकी माणसं एकमेकांत न मिसळता वेगळी राहतात ती या नक्षीमुळे. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. नववीतल्या मुलीने मला दाखवलं.

---

झुआरीपल्याड

माटोळीताई, फार बरं केलंत.

माझं आजोळ राय, म्हणजे लोटलीचा शेजार. मिरांडांचं घर तीनशेहून जास्त वर्षांचं. कोणी पाहिलं नसेल तर श्याम बेनेगलांचा १९८५ चा 'त्रिकाल' बघा, तो तिथेच चित्रित झालाय. पोर्तुगीज राजवटीचे शेवटचे दिवस आणि त्यात अडकलेलं भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कुटुंब. तो सोपा, ती लांबलचक मेजाची खोली, आतलं अंगण सगळं खरं आहे. अशा घरात वाढलेल्या माणसाला वाकडी कौलं आणि खिडक्यांना काचेऐवजी लावलेल्या शिंपल्या काढायला संदर्भ शोधावा लागत नाही.

आणखी एक. ११ डिसेंबर २०११ ला मारियोबाब लोटलीच्या घरीच गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मडगावला त्यांना अग्नी दिला. आमच्या भागात ही गोष्ट बरेच दिवस लोकांच्या तोंडी होती. काहींना खटकलं, काहींना अभिमान वाटला. माझी आजी एवढंच म्हणाली, "ताका जाय आशिल्लें तशें जालें, बरें जालें." मिरांडांचे पूर्वज सारस्वत, मूळ आडनाव सरदेसाई, हेही आजीकडूनच कळलं होतं. आमच्या गावांत आडनावांच्या खाली आडनावं असतात, ते कोणाला नवं नाही.

---

बिमली

+१. मगाचा किस्सा वाचून गप्पच झाले. आमच्या घरीही आहे तो मग.

---

शाईची दौत

मी कळव्याला राहतो, मूळ गाव मडकई. २८ वर्षं मुंबईच्या कचेरीत काढली. मारियो आमच्यासाठी गोव्याचे नंतर, आधी कचेरीतले.

ज्यांनी ती हास्यचित्रं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. त्यांच्या कचेरीत एक बॉस आहे, एक मिस फोन्सेका आहे आणि एक कारकून आहे. कारकुनाचं नाव गोडबोले. सिनेमाच्या जगात मिस निंबूपानी, राजकारणात मंत्री बंडलदास. गोडबोले हे नाव वाचलं की आमच्या टेबलावर हशा पिकायचा, कारण तसा माणूस खरोखर समोरच्या खुर्चीत बसलेला असायचा: फायलींच्या ढिगाआड, साहेबाच्या आवाजाकडे एक कान लावून. लोटलीच्या भाटकाराच्या घरात वाढलेल्या माणसाला दादर-गिरगावचा मराठी कारकून इतका नेमका कसा सापडला, याचं मला आजही नवल वाटतं.

प्रवासही पाहा. पहिली चित्रं 'इलस्ट्रेटेड वीकली'त, मग 'करंट'मध्ये नोकरी, मग टाइम्स. गुल्बेंकियन फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन पोर्तुगाल, तिथून लंडन. लंडनला पाचेक वर्षं, 'लिलीपुट' आणि 'पंच'सारख्या मासिकांत कामं. तिथेच राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण परत आले, टाइम्समध्ये आर. के. लक्ष्मणांच्या बरोबरीने काम केलं. लक्ष्मणांचा पिंड राजकारणाचा. मारियोंना सत्तेपेक्षा माणसांच्या गर्दीचं वेड.

कुलाब्याला रिगलजवळ कॅफे मोंदेगार आहे. भिंतीवर मारियोंची चित्रं, वरपासून खालपर्यंत. पगाराच्या दिवशी आम्ही तिघे मित्र जायचो. पहिला घोट घ्यायच्या आधी भिंतीवर नवं काय सापडतं ते शोधायचो. दहा वर्षं गेलो तरी दर वेळी काहीतरी नवं सापडायचंच.

---

पिंपळपार

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं लिहितो.

मी डिचोलीचा. मारियोंची रेघ थोर आहे, वादच नाही. पण जगाला 'गोवा' म्हणून जे चित्र दिसतं ते मारियोंचं आहे, आणि ते मुख्यतः साष्टीचं, म्हणजे मडगाव-लोटलीकडच्या तालुक्याचं आहे. चर्च, ताव्हेर्न (दारूचा गुत्ता), पदेर (पाववाला), गिटार, भाटकार. त्यात माझा गोवा कुठे? पेडण्याचा दशावतार, शिगम्याचा रोमटामेळ (ढोलताशांची मिरवणूक), जत्रेतली खाजं विकणारी दुकानं, देवळाच्या अग्रशाळेत झोपलेले धालो? माझी मुलगी दिल्लीला शिकते. तिच्या मैत्रिणींना वाटतं, गोव्यात हिंदू घरं नसतातच. हे मारियोंनी केलं असं मी म्हणत नाही. पण त्यांची चित्रं मगावर छापून विकणाऱ्यांनी नक्की केलं.

आणि दुसरं. आपण मराठीवाले चित्रकार दीनानाथ दलालांना का विसरतो? मडगावचा जन्म, १९१६ चा, म्हणजे मारियोंपेक्षा दहा वर्षांनी मोठे. जे. जे.त शिकले, मुंबईत स्टुडिओ काढला, १९४५ पासून 'दीपावली' हा दिवाळी अंक चालवला. आमच्या वाचनालयात त्या अंकांवर हात ठेवायला रांग लागायची. अर्ध्या महाराष्ट्राची कपाटं त्यांच्या मुखपृष्ठांनी भरली. १९७१ मध्ये गेले. त्यांच्या नावाची गॅलरी तोर्ड्याला नाही, त्यांचा मग नाही.

---

माटोळी

पिंपळपार, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि बरोबरही आहे. (धालो वाचून एकदम आमच्या मांडावर जाऊन आले. पण ते अग्रशाळेत झोपत नाहीत हो, बायका मांडावर नाचतात. घाईत राहून गेलं असेल.)

तुमच्या दुःखाचं कारण मला थोडं वेगळं दिसतं. मारियोंनी आपलं अंगण काढलं. ज्या सोप्यावर बसले तिथून जे दिसलं ते काढलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने काढलं की ते सगळ्या जगाला दिसलं. आपल्या अंगणात तसं रोज वही घेऊन बसणारं कोणी नव्हतं. साष्टीतल्या त्या आईने वही दिली. आपल्याकडे काय झालं ते माझ्या घरचंच सांगते. मी सहावीत असताना देवळातल्या पालखीचं चित्र गणिताच्या वहीत काढलं. ती वही शाळेत जप्त झाली, परत मिळालीच नाही. मला मार नको होता, ओरडा चालला असता. वही हवी होती. त्यात भोयांचे आठ चेहरे होते आणि आठही वेगळे होते.

दलालांबद्दल शंभर टक्के सहमत. त्यांच्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा, मी पहिली येईन.

---

पिंपळपार

धालोचं चुकलंच, मनात जागरातले कलाकार होते. दुरुस्तीबद्दल आभार.

पालखीचं वाचून वाईट वाटलं, बाई. दलालांचा धागा काढतो, चवथीनंतर.

---

आबोली

मला मिस फोन्सेकाबद्दल बोलायचंय.

मी पणजीत १९ वर्षं स्टेनो होते. ठिपक्यांचा झगा, भरलेलं अंग, बॉसची नजर. आमच्या साहेबांनी कॅलेंडरवरचं ते चित्र मला दाखवलं होतं आणि "ही तुम्ही" म्हणाले होते. सगळे हसले. मी पण हसले, कारण दुसरं काय करणार. आज कोणी मला विचारलं तर सांगेन की मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं.

मारियो मोठे कलाकार आहेत. त्यांच्या बाजारातल्या बायका मला फार आवडतात. कंबरेवर हात ठेवून भाव सांगणारी मासळीवाली काढावी तर त्यांनीच. तिच्यापुढे गिऱ्हाईक एवढंसं होतं. मग कचेरीतल्या बाईला असं का? शताब्दीत नुसते हार घालायचे नसतील तर हेही बोललं पाहिजे. मुलींना ही चित्रं दाखवताना, ताई, तुम्ही हे सांगता का?

---

माटोळी

आबोलीताई, नाही सांगितलं. आजवर टाळलं. नववीच्या मुली ते चित्र पाहून एकमेकींकडे बघत होत्या आणि मी पुढच्या भिंतीकडे वळले. पुढच्या वेळी तिथेच थांबेन.

---

शाईची दौत

आबोलीताई, आमच्या कचेरीतही त्या चित्रांवर हसणारे सगळे पुरुषच होते, मी धरून. स्टेनोच्या खुर्चीतून ते कसं दिसतं हे २८ वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

थोडं वेगळ्या अंगाने लिहितो, पण विषय हाच. १९७४ मध्ये अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या निमंत्रणावरून मारियो तिकडे गेले होते. तिथे 'पीनट्स'वाल्या चार्ल्स शुल्झना भेटले, 'वॉशिंग्टन पोस्ट'चे व्यंगचित्रकार हर्ब्लॉक यांनाही. मला त्या शुल्झ भेटीची कल्पना करायला फार आवडतं.

शुल्झची चित्रपट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली. पन्नास वर्षांत १७,८९७ पट्ट्या, एकही मदतनीस न घेता, अक्षरंसुद्धा स्वतःच्या हातची. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शेवटची पट्टी छापून आली. त्यांच्या चौकटीत काय असतं? एक पोरगं, एक कुत्रा, जमिनीची एक रेघ, कधी विटांची बुटकी भिंत. बाकी कोरा कागद. आणि आपले मारियो चौकटीत बोटभर जागा मोकळी ठेवत नाहीत. कावळा, मांजर, गॅलरीतला तिसरा शेजारी, सगळे आत.

एकाने चौकट रिकामी करत नेली, दुसऱ्याने भरत नेली. पण दोघांच्या टेबलावर एकच गोष्ट दिसते मला: सकाळी उठून बसायचं आणि काढायचं, काल काढलं होतं तरी. आमच्यासारख्या नोकरदाराला हे पटकन समजतं. मस्टरवर रोज सही केल्याशिवाय जे होत नाही, ते काम.

---

झुआरीपल्याड

मारियोबाबांना कोरा कागदही जमायचा हो. पॅरिसची चित्रं आणि हिवाळ्यातल्या जर्मनीची चित्रं शेजारी ठेवून बघा. जर्मनीत रेघांवर रेघा घालून काळोख केलाय, थंडी अंगाला लागते. गोव्याच्या उन्हातला माणूस तोच, हातही तोच. २२ हून जास्त देशांत त्यांची प्रदर्शनं झाली, ती काही नुसत्या पदेराच्या सायकलीवर नव्हेत.

पद्मश्री १९८८, पद्मभूषण २००२, आणि पद्मविभूषण २०१२ मध्ये, गेल्यानंतर. पोर्तुगाल आणि स्पेननेही सन्मान दिले. नोंद असावी म्हणून लिहिलं.

---

कुळागर

मी कळंगुटला वस्तूंचं छोटं दुकान चालवतो, म्हणून या धाग्यावर थोडा भीत भीत लिहितोय.

मगावर सगळ्यांनी राग काढलात. बरोबर आहे, पण दोन प्रकार असतात. एक परवानगी घेऊन, नीट छापलेला. दुसरा कुठल्या तरी छापखान्यात मारियोंसारखं काहीतरी काढून घेतलेला. गेल्या मोसमात माझ्याकडे एक पुरवठादार नमुने घेऊन आला. लांबून मारियो वाटावं असं. जवळून पाहिलं तर गर्दीतल्या सगळ्या माणसांना एकच चेहरा, डोळे सगळे एकाच दिशेला, आणि चर्चच्या पायऱ्या कुठेच पोचत नव्हत्या. भाव निम्मा. मी परत पाठवला. रस्त्यात त्याने तो दुसऱ्या कोणाला विकला असेलच.

गिऱ्हाइकाला फरक कळत नाही हे खरं दुखणं. माटोळीताई, तुमची ती माणसं मोजायची युक्ती मी दुकानात वापरायला लागलोय. लहान मूल आलं की खरं चित्र पुढे करतो आणि सांगतो, कुत्रे किती ते सांग. आईबाप घाईत असतात, मूल हलत नाही.

---

बिमली

कुळागर, हे फार आवडलं. माझ्या घरच्या मगावर आत्ता मोजले. कुत्रे ३, मांजर १. इतकी वर्षं त्यातून चहा पितेय.

---

गाड्डो

लोटलीचं घर आतून बघता येतं का?

---

झुआरीपल्याड

कुटुंबाचं राहतं घर आहे ते. बाहेरून नमस्कार करा, आणि गॅलरीला जा.

---

माटोळी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये परीक्षा होत्या.

या धाग्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, आबोलीताईंचा प्रश्न वर्गात नेला. मिस फोन्सेकाचं चित्र फळ्यावर लावलं आणि मुलींनाच विचारलं, हे कोणाच्या डोळ्यांनी काढलंय? पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बॉसाच्या." मग मी सांगितलं, आता तिच्या डोळ्यांनी बॉस काढा. आलेले कागद मी जपून ठेवलेत. आबोलीताई, फोंड्याला आलात की दाखवते. त्यातल्या एकात बॉस अगदी लहान आहे आणि टंकलेखन यंत्र घराएवढं.

दुसरी गोष्ट, पगारातून २२ कोऱ्या वह्या आणल्या. रेघा नसलेल्या, जाड कागदाच्या. अट एकच: रोज एक पान, त्या दिवशी पाहिलेलं, खोडरबर नाही. कोणी तपासणार नाही, गुण नाहीत. निम्म्यांनी दहा दिवसांत सोडली. मला वाईट वाटलं, पण ११ जण अजून काढतायत आणि मला तेवढे पुष्कळ आहेत.

पिंपळपार, तुमच्यासाठी खास. आठवीतला एक मुलगा माशेलहून येतो. काल त्याने आपणहून वही पुढे केली. देवळाच्या जत्रेची रात्र काढलीय. पान पूर्ण भरलंय. खाज्याची दुकानं, फुगेवाला, पालखीपुढे वाजवणारे, गॅसबत्तीखाली झोपलेलं पोर. शर्टावरच्या चौकटी सपाट. सगळ्यात पुढे, अगदी कागदाच्या कडेला, अर्धा कापला गेलेला एक माणूस उभा आहे, पाठमोरा. मी विचारलं, हा कोण? म्हणाला, "पप्पा. हांव तांच्या खांद्यार आशिल्लों, देखून म्हाका सगळें दिसतालें."